यात्रेची गाडी आणि मी खोडलेली ओळ



दिवाळी झाली, चातुर्मास संपला, की आपल्या घराघरांत यात्रेची बोलणी सुरू होतात. गेल्या आठवड्यात मंदिरातून निघताना एका भगिनीने माझ्या हातात कागद ठेवला. "वहिनी, आम्हीपण तुमच्यासारखी गाडी करून घेतोय. आत झोपायची सोय, ओटा, पंखे, सगळं. तुम्ही बीकॉम झालेल्या, जरा इस्टिमेट बघून द्या ना, कुठं काय कमी करता येईल?"

घरी येऊन चष्मा लावून बसले. प्लायवूड, फोमच्या गाद्या, पडदे, स्टीलचं बेसिन, पाण्याची टाकी, प्रत्येकाला वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम. आणि खाली एकच ओळ, 'वायरिंग कंप्लीट'. ती वाचली आणि पोटात गोळाच आला. तीन वर्षांपूर्वीची दुपार जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. ती गोष्ट मी आजवर इथे लिहिलेली नाही. आज लिहिते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर. घरात दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा, मुलं-सुना, आणि सासूबाई, वय तेव्हा चौऱ्याऐंशी. आपलं बाहेरचं चालत नाही. पाणी गाळून, दिवे लागायच्या आत जेवण, कांदा-बटाटा नाही. त्यामुळे लांबच्या यात्रेला आपलं स्वयंपाकघर सोबत असलं की जिवाला घोर नसतो. मागच्या दोन रांगा काढून दोन बर्थ केले, त्यातल्या एकाखाली दोन बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर, समोर ओटा, त्यावर इंडक्शन. चालत्या गाडीत गॅस सिलिंडर नको म्हणून इंडक्शन. आम्हाला वाटलं, ज्वाळाच नाही म्हटल्यावर आगीची भीती कसली?

घरातला हिशेब माझ्याकडे असतो. लग्न होऊन आले तेव्हापासून. वायरमनचं इस्टिमेट आलं तेव्हा त्यात एक ओळ होती: बॅटरीजवळ मेन फ्यूज, कटऑफ स्विच आणि जाड केबल, 9,600 रुपये. आधीच खर्च अंदाजाबाहेर गेलेला. इन्व्हर्टरला आत फ्यूज असतोच की, मग हा दुसरा कशाला, असं माझ्या मनानेच ठरवलं आणि लाल पेनने ती ओळ खोडली. वायरमन म्हणाला, "बरं वहिनी, आहे त्या केबलमध्ये करतो." मला तर अभिमानच वाटला. पडद्याचं कापड मात्र मी चांगल्यातलं घेतलं होतं.

जानेवारीत श्रवणबेळगोळला निघालो. आईंना बाहुबली भगवंतांचं दर्शन एकदा पुन्हा घ्यायचं होतं. राणेबेन्नूर मागे पडलं, हरिहर यायचं होतं. साडेचार वाजले होते. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून सर्व्हिस रोडला झाडाखाली गाडी लावली. पुरुष मंडळी खाली उतरली. आई बर्थवर पडल्या होत्या. मी डाळ-भाताचा कुकर इंडक्शनवर फुल करून लावला आणि जाऊबाई भाजी चिरायला बसल्या.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. वास आला. उग्र, घशाला लागणारा. मला वाटलं कुकरची रिंग जळतेय. इंडक्शन बंद केलं, कुकर खाली उतरवला, रिंग बघत बसले. रिंग चांगली होती. वास वाढतच होता. तेवढ्यात आई म्हणाल्या, "अगं, माझ्या पाठीला गरम लागतंय."

खाली वाकून पाहिलं तर बर्थच्या फटीतून धूर. इंडक्शन बंद होतं, तरी धूर थांबत नव्हता. का थांबत नव्हता, ते नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच सुचलं की आईंना आधी बाहेर काढायचं. सुनेने आणि पुतण्याने त्यांना शालीसकट उचललं. त्या म्हणत होत्या, "माझी पिशवी घ्या, माळ आहे त्यात." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. "पिशवी राहू दे, आधी तुम्ही!" मागचं दार उघडायला गेलो तर त्याच्यासमोर बॅगा आणि पिठाचे डबे रचलेले. मग पुढच्या दाराने, कुकरला वळसा घालून, कसंबसं उतरवलं.

आमचे हे पाण्याचा कॅन घेऊन धावले. तोवर एक ट्रक थांबला होता. त्याचा ड्रायव्हर ओरडला, "नीरु बेडा! नीरु बेडा!" पाणी नको, एवढं कानडी आम्हाला कळत होतं. पुतण्या बॅटरीची वायर सोडवायला गेला, पण तिचा नट सोडवायला पाना लागतो, आणि पान्यांची पेटी तांदळाच्या पोत्याखाली. तो ड्रायव्हर स्वतःचा पाना आणि स्वतःचा आग विझवायचा सिलिंडर घेऊन आला. आधी त्याने काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवली, मग पेटलेल्या गादीच्या बुडाशी पावडर मारली. आमच्या गाडीतही सिलिंडर होता. तो दुसऱ्या दिवशी सापडला, बॅगांच्या मागे. काटा लाल पट्टीत, म्हणजे रिकामाच.

बर्थ, गादी, इन्व्हर्टर, एका बाजूचं पॅनेल जळलं. ह्यांच्या तळहाताला फोड आले, तेवढंच. त्या भल्या माणसाने चहासुद्धा घेतला नाही. आई झाडाखाली बसून णमोकार म्हणत होत्या. मी मात्र काहीच म्हणू शकत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे लाल पेनाची रेघ होती.

आता कारणाकडे येते, कारण नुसती भीती सांगून उपयोग नाही.

दुरुस्तीच्या वेळी मी वायरमनच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि एकेक विचारत गेले. त्याने सांगितलं आणि मी वहीत हिशेब मांडला. आमचं इंडक्शन 1800 वॅटचं. घरी वीज 230 व्होल्टची. 1800 भागिले 230 म्हणजे जवळपास 8 अँपिअर. गाडीतली बॅटरी 12 व्होल्टची. 1800 भागिले 12 म्हणजे 150 अँपिअर, आणि इन्व्हर्टरमधली घट धरली तर 165 च्या घरात. तेच इंडक्शन, तोच कुकर, पण बॅटरीच्या वायरीतून घरच्यापेक्षा वीस पट प्रवाह. आणि वायर तापते ती प्रवाहाच्या वर्गाने. वीस पट प्रवाह, तर तेवढ्याच अडथळ्यात चारशे पट उष्णता. आपण समजतो, 12 व्होल्ट म्हणजे खेळणं, हात लावला तरी झटका बसत नाही. झटका बसत नाही हे खरं, पण आग लावायला 12 व्होल्ट भरपूर होतात.

मग आमच्याकडे नेमकं काय झालं? बॅटरीला वायर जिथे जोडतात तिथे तांब्याचं थिंबल असतं, नटाने आवळलेलं. गाडी खड्ड्यांतून जाते, हादरे बसतात, नट सैल होतो. सैल जोड म्हणजे अडथळा, आणि अडथळ्यात 165 अँपिअर म्हणजे शेगडीच. त्यात केबल बारीक. तिचं प्लास्टिक मऊ झालं, आणि बर्थच्या लोखंडी फ्रेमच्या भोकातून ती जिथे जात होती तिथे धारेवर कापलं गेलं. आतलं तांबं थेट लोखंडाला टेकलं. हाच शॉर्ट सर्किट. त्या क्षणापासून माझ्या इंडक्शनचा संबंध संपला. बॅटरी आपली सगळी ताकद त्या वायरीत ओतत राहिली. म्हणून इंडक्शन बंद करूनही धूर थांबला नाही.

"पण इन्व्हर्टरमध्ये फ्यूज होता ना?" मी विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, तो वायरीच्या त्या टोकाला. आग लागली वायरीच्या मधे. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज असता तर शॉर्ट होताच तो उडाला असता. फ्यूज मशिनसाठी नसतो, वायरीसाठी असतो."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. पण त्याने अजून एक सांगितलं, तेही प्रामाणिकपणे सांगते. सैल नटाची गरमी फ्यूजला कळत नाही. कारण प्रवाह तेवढाच असतो, फक्त एका जागी तापत असतं. ते माणसालाच बघावं लागतं. म्हणजे फ्यूज असता तर आग भडकली नसती, पण नट तपासणं चुकवता आलं नसतंच.

आता गाडी नव्याने केली तेव्हा काय केलं ते सांगते. विहारासोबत चौका घेऊन फिरणाऱ्या भगिनींनीही आपली गाडी एकदा या नजरेने पाहावी.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच मेन फ्यूज घेतला. त्याला लागून कटऑफ स्विच, तो दारातून हात घालून फिरवता येईल अशा जागी, लाल रंगाचा. घरातल्या प्रत्येकाला, लहान नातीलाही, तो दाखवून ठेवलाय. केबल जाड, थिंबल मशिनने दाबलेलं, नुसतं पकडीने चेपून काळी टेप गुंडाळलेलं नाही. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे प्रत्येक भोकाला रबरी बुश. दिवे, पंखे, मोबाइल चार्जर, प्रत्येकाला वेगळा छोटा फ्यूज. आणि फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा बसवायचा. "मोठा बसवला की उडत नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही. उडणं हेच त्याचं काम आहे.

बॅटरीवर झाकण हवं, कारण वरून एखादा चमचा किंवा सांडशी पडून दोन टोकांना टेकली तरी ठिणगी पडते. पण हवा जायला जागाही हवी. पाणी भरायच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, तो कोंडला तर पेटतो. म्हणून त्या पेटीला बाहेरच्या बाजूने जाळी ठेवलीय. बर्थखाली गाद्या-चादरी कोंबणं बंद.

इंडक्शन बॅटरीवर चालवणं आम्ही सोडलंच. स्वयंपाक मुक्कामाच्या जागी, धर्मशाळेच्या विजेवर. तिथेही तीन गोष्टी पाळतो. प्लग मोठ्या, 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावायचा. एक्स्टेंशनची वायर जाड हवी आणि ती पूर्ण उलगडायची. गुंडाळी तशीच ठेवून इंडक्शन चालवलं तर आतल्या वेटोळ्यांची गरमी बाहेर पडत नाही आणि वायर वितळते. आणि गाडीत ईएलसीबी बसवून घेतलाय, म्हणजे पत्र्यात वीज उतरली तर तो तिथेच बंद होतो. वाटेतल्या जेवणाला दशम्या, चटण्या, भडंग. आपल्या सासवा-आज्या हेच घेऊन यात्रा करत होत्या की!

पावसाळ्यात गाडी चार महिने उभी असते. उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. आपण विष ठेवणार नाही, चिकट सापळाही नाही. त्यामुळे त्यांना बोलवायचंच नाही हा उपाय. गाडी उभी करताना धान्याचा दाणाही आत ठेवत नाही, खालच्या फटींना बारीक जाळी लावली आहे, आणि निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक झाकण उघडून पाहतो. जीवही वाचतात आणि वायरीही.

निघाल्यावर पहिल्या तासाला थांबायचं. कटऑफ बंद करून पुतण्या नट आवळून बघतो, आणि केबलच्या प्लास्टिकवर बोटांची मागची बाजू टेकवतो. कोमट चालेल, गरम लागली तर पुढे जायचं नाही. महिन्यातून एकदा सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का ते मी स्वतः पाहते. तो दाराजवळ हुकाला असतो, एबीसी पावडरचा. छताला धुराचा अलार्म लावलाय. मागच्या दारासमोर आता पिशवीसुद्धा नाही.

आणि एवढं करूनही वास आला तर? आधी माणसं बाहेर, म्हाताऱ्या आणि मुलं सर्वांत आधी. सोनं, फोन, पूजेचं सामान काही नाही. जाता जाता हाताशी असेल तर कटऑफ फिरवायचा. आग ताटाएवढी असेल आणि आपल्या पाठीशी मोकळं दार असेल तरच सिलिंडर वापरायचा: पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, दाबून डावी-उजवीकडे फिरवायची. छोटा सिलिंडर दहा-पंधरा सेकंदांत संपतो. तेवढ्यात विझली नाही तर सोडून लांब जायचं आणि 112 किंवा 101 ला फोन करायचा. पाणी ओतायचं नाही. इन्व्हर्टर चालू असेल तर त्यात 230 व्होल्ट असतात. लिथियमची बॅटरी असेल तर ती विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते, तिच्याजवळ जायचंच नाही. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट नको, तूप नको.

आता हिशेब. वाचवले 9,600. दुरुस्तीला गेले 1,14,000. विम्याचा पैसा आला नाही, कारण आतला बदल आम्ही ना आरसीवर नोंदवला होता ना विमा कंपनीला कळवला होता. चूक आमचीच. तुम्ही गाडीत बदल कराल तर आरटीओची परवानगी आधी घ्या आणि विम्यातही नोंदवा.

पण ज्या नोंदीचा मला त्रास होत होता ती वहीत नव्हती. घरात सगळे म्हणत होते, वायरमनने काम नीट केलं नाही. मी गप्प बसत होते. ती ओळ मी खोडली होती हे कुणाला माहीत नव्हतं. आठ महिने गेले. दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणीचा दिवस आला. आपण सगळे एकमेकांना हात जोडून क्षमा मागतो, मोबाइलवर शंभर जणांना एकच संदेश पाठवतो. त्या दिवशी मी आईंच्या खोलीत गेले, ती जुनी इस्टिमेटची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. ज्या बर्थखाली आग लागली त्यावर त्या झोपल्या होत्या.

आईंनी कागद लांब धरून पाहिला. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पैसे वाचवलेस म्हणून तुझं चुकलं नाही गं. घर चालवणारीला वाचवावंच लागतं. ही ओळ कशासाठी आहे ते विचारलं नाहीस, ते चुकलं."

मी मान खाली घातली. वस्तू उचलताना-ठेवताना बघून, जपून, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आदाननिक्षेपण समिती मुनींची म्हणून आपण सोडून देतो. पाणी गाळताना किती काळजी घेत होते मी! आणि ज्याच्यावर माझी सासू झोपणार होती, ते न बघता, न विचारता लाल रेघ मारली. यालाच प्रमाद म्हणतात, हे मला प्रवचनात कळलं नव्हतं, त्या कागदावर कळलं.

आईंचं दर्शन मात्र झालं. दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून आम्ही श्रवणबेळगोळला पोहोचलो. विंध्यगिरीवर त्या डोलीतून गेल्या. 57 फुटांच्या त्या शांत मूर्तीपुढे त्या कितीतरी वेळ बसून होत्या. गेल्या वर्षी त्या गेल्या, शांतपणे, घरी, आम्हा सगळ्यांच्यात. त्यांची ती माळ आता माझ्याकडे आहे. पिशवीला एका बाजूने काळा डाग आहे, तो मी धुतलेला नाही.

त्या भगिनीचं इस्टिमेट मी काल परत दिलं. 'वायरिंग कंप्लीट' ही ओळ खोडली आणि तिच्या जागी आठ ओळी लिहिल्या: मेन फ्यूज, कटऑफ, केबलची जाडी, थिंबल, रबरी बुश, छोटे फ्यूज, ईएलसीबी, धुराचा अलार्म. प्रत्येकीपुढे ती कशासाठी आहे तेही लिहिलं. ती म्हणाली, "वहिनी, कमी करायला दिलं होतं, तुम्ही तर वाढवून दिलंत!"

मी म्हटलं, पडद्याच्या कापडात कमी कर.